शाईने लिहिलेला पक्षी

१२ एप्रिल

प्रिय लंबू,

पत्राची सुरुवात भांडणाने करायची नाही असं ठरवून बसले आहे, म्हणून मागच्या दोन पत्रांना उत्तर का दिलं नाहीस हे विचारत नाही. तू डोंगरावर राहतोस, तिथे फोन लागत नाही, टपाल आठवड्यातून दोनदा जीपवाल्याच्या मर्जीने चढतं-उतरतं, हे सगळं मला माहीत आहे. तरी सख्ख्या बहिणीला दोन ओळी खरडायला काय होतं? बघ, विचारायचं नाही म्हणता म्हणता विचारून झालं.

आता कामाचं. मुलांना सुट्टी लागतेय. यांच्यासमोर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे पडलेत आणि मला दुकान सोडता येत नाही. पोरांचे चष्मे बदलायचे राहिलेत हे सगळ्या गावाला सुट्टीतच आठवतं. आमची दोघं घरात राहिली तर घर राहणार नाही. ढब्बू सात वर्षांचा झालाय आणि त्याचा आवाज सतरा वर्षांचा. काल त्याने गादीखाली पाण्याचा पाइप सोडून तळं केलं.

काळजी मात्र बिटकीची आहे. दहा पूर्ण झाली, शहाणी आहे, एका जागी बसते, पुस्तक नाकाला लावलं की जेवायची आठवण करून द्यावी लागते. आणि तिच्या बाईंची चिठ्ठी आली, ‘फळ्याकडे लक्ष नसते. शेजारणीच्या वहीत बघून लिहिते.’ माझी मुलगी! मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. विचारलं तर नुसती मान खाली घालते.

तर त्यांना तीन आठवडे तुझ्याकडे पाठवू का? तू पक्ष्यांच्या अभयारण्यात रखवाली करतोस, दिवसभर बघत राहणं हाच तुझा धंदा. दोघांना डोंगर चढव, उतरव, दमव. आणि बिटकीला जरा नीट बघायला शिकव. हो म्हण. नाही म्हणायचं असेल तर उत्तर पाठवू नकोस, ते तुला चांगलं जमतं.

तुझी,
ताई

१९ एप्रिल

ताई,

नमस्कार वाकूनच केलाय. गुडघा कटकन वाजला तो तुला खालपर्यंत ऐकू आला असेल.

पाठव. मंगळवारच्या जीपने पाठव, शुक्रवारच्या जीपमध्ये सिमेंटची पोती असतात. भडक कपडे नकोत. लाल सदरा दिसला की निम्मं रान उडून जातं. बूट जुने हवेत, नवे चावतात. इथे दोन खोल्या, एक पत्र्याचं छप्पर, एक स्टोव्ह आणि मी एवढंच आहे. ढब्बूला आरडाओरडा करायचा असेल तर पाण्याच्या टाकीमागे जागा ठरवून देतो, तिथे रोज पंधरा मिनिटं ओरडावं.

आणि खरं सांगू? मलाही माणूस हवंय. मजा म्हणून नाही, साक्षीला. आमच्या नोंदवहीचा नियम तुला कधी सांगितला नसेल. नेहमीचे पक्षी कोणीही लिहावेत. दुर्मिळ पक्षी मात्र एकट्याने पाहिला तर पेन्सिलने लिहायचा आणि दोघांनी पाहिला तर शाईने, खाली दोघांच्या सह्या. शाईतलं तेवढंच वर्षाच्या छापील यादीत जातं. साक्षीदार दहा वर्षांच्या वरचा असला की झालं.

सहा वर्षांपूर्वी मी इथे ‘चोर’ पाहिला. घाबरू नकोस, पक्षी आहे. मुठीएवढा, तपकिरी, डोळ्यांवरून काळी पट्टी, म्हणून ते नाव. तीस वर्षांत या डोंगरावर कोणाला दिसला नव्हता. मला दिसला, हातभर अंतरावर, आणि मी एकटा होतो. पेन्सिल! खालच्या ऑफिसात साहेबांनी नोंद वाचली आणि म्हणाले, ‘वर हवा पातळ आहे, होतं असं.’ तेव्हापासून तिथले सगळे मला पेन्सिल म्हणतात. ‘या पेन्सिल, चहा घ्या.’ मी हसतो आणि चहा घेतो. पण ताई, लागतं ते. मी पाहिलेलं मला पाहिलं नाहीस म्हणतात, याच्याइतकं दुसरं काही लागत नाही.

म्हणून बिटकी दहा पूर्ण झाली हे वाचून मला किती बरं वाटलं, ते तुला कळणार नाही.

तुझा,
लंबू

२६ एप्रिल

प्रिय लंबू,

म्हणजे माझ्या मुलीला तू पाहुणी म्हणून नाही, साक्षीदार म्हणून बोलावतोयस. चालेल. घरचीच साक्ष आहे, उलटणार नाही.

दोघं मंगळवारी निघतायत. पिशवीत उकडलेली अंडी आहेत ती पहिल्याच दिवशी संपवा. ढब्बूला जीप लागते, पुढे बसवायला सांगितलंय. बिटकीला अंधाऱ्या जिन्यावरून एकटीला पाठवू नको, धडपडते. बाकी तिच्या डोळ्यांची काळजी तुला नको. चष्मेवालीची मुलगी आहे. दर सहा महिन्यांनी मी तिला तक्त्यासमोर उभी करते आणि ती खालची सगळ्यात बारीक ओळ घडाघडा म्हणते. गिऱ्हाइकांची पोरं तपासणीला रडायला लागली की मी बिटकीलाच आधी उभी करते. मग सगळ्यांना सांगते, ‘बघा, हिच्यासारखी गाजरं खा!’ दुकानाची निम्मी जाहिरात तीच आहे.

तुझा चोर सापडू दे. त्या साहेबांना माझ्या दुकानात पाठव, मी त्यांना बघते.

ताई

५ मे

ताई,

मुलं पोचली. ढब्बू वाटेत दोनदा ओकला आणि उतरल्या उतरल्या जेवायला काय आहे म्हणाला.

रोज सकाळी चालायला निघतो. नाल्यापर्यंत एक तास, तिथून तिसऱ्या वळणावरच्या बाकड्यापर्यंत आणखी दीड. ढब्बूनेही आपली यादी सुरू केली आहे. आजची उतरवून पाठवतो: ‘१. कावळा. २. कावळा, दुसरा. ३. तोच कावळा परत. ४. जीपवाल्याची कोंबडी.’ कोंबडी चालत नाही म्हटलं तर त्याने विचारलं, ‘का? तिला पंख नाहीत?’ कोंबडी यादीत राहिली. माझ्या दुर्बिणीचं चाकही त्याने इतकं गरगरा फिरवलं की शेवटी मी ते माझ्या डोळ्याला जुळवून वर चिकटपट्टी मारून टाकली. आता कोणी हात लावायचा नाही असा कायदा आहे.

पण बिटकी! ताई, तू म्हणतेस तिला लक्ष देता येत नाही? बाकड्यावर बसली की डोळे मिटून घेते आणि कोण कुठे बसलंय ते सांगते. ‘मामा, डावीकडे वर दोघं आहेत. एक गेला. नाल्याच्या पलीकडे तोच, कालचा.’ मी दुर्बीण लावून बघतो तर अगदी तसं. आठवड्यात बारा पक्ष्यांच्या शिळा ओळखायला शिकली. मला शिकायला दोन वर्षं लागली होती. वहीत चित्रं काढते तीही अशी: पडलेलं पीस, किडा, पानाच्या शिरा. पिसाचा केस न् केस काढलाय. मीच तिला म्हणतो, अगं उडणारा पक्षी काढ की एखादा. तर म्हणते, ‘उद्या.’

ठेचाळते मात्र फार. दोन्ही गुडघे फुटलेत. सपाट फरशीवर वाढलेली मुलं, दुसरं काय! हळद दाबली आहे, काळजी करू नको.

लंबू

९ मे

प्रिय लंबू,

तुझं पत्र मी यांना वाचून दाखवलं, शेजारच्या शिंपीणबाईंना वाचून दाखवलं आणि एका गिऱ्हाइकाला त्याच्या काचा बसवता बसवता वाचून दाखवलं. बाईंची चिठ्ठी आता फाडून टाकणार आहे. फळ्यावर लक्ष नसेल तर फळ्यावर लक्ष देण्यासारखं काही नसेल!

डोळे मिटून पक्षी ओळखते, वा! मुळात डोळे इतके तीक्ष्ण म्हटल्यावर मिटून तरी किती मिटणार.

ढब्बूला सांग, घरातलं तळं आटलं.

ताई

१२ मे

ताई! ताई! ताई!

शाई!

आज सकाळी तिसऱ्या वळणावर बसलो होतो. ढब्बू बिस्किटात गुंतला होता म्हणून शांतता होती. बिटकीने डोळे उघडले आणि माझी बाही ओढली. ‘मामा, ही शीळ नवी आहे. त्या वाकड्या झाडात, खाली.’ मी ऐकलं. तीन तुटक आणि एक लांब. ताई, सहा वर्षांपूर्वी ऐकली होती तीच! मी दुर्बीण लावली, तिथे हललं काहीतरी, आणि मग मी दुर्बीण तिच्या हातात दिली आणि विचारलं, ‘दिसला ना? काळी पट्टी दिसली ना?’ ती क्षणभर बघत राहिली आणि म्हणाली, ‘हो मामा. दिसली.’

मी तिला उचलून घेतलं. पंचेचाळीस वर्षांचा माणूस नाचतोय हे बघून ढब्बूने बिस्किट सोडलं, यावरून काय ते समज.

परत येऊन दौत काढली. वाळली होती, पाणी घालून ढवळली. नोंद लिहिली, मी सही केली आणि खाली बिटकीने आपल्या गोल अक्षरात. उतारा आत्ताच जीपवाल्याकडे दिलाय, साहेबांच्या टेबलावर जाईल. आता बघतो मला कोण पेन्सिल म्हणतंय.

तुझी मुलगी रत्न आहे.

लंबू

१५ मे

प्रिय लंबू,

डोळ्यांना पाणी आलं, आणि ते पुसायला माझ्या हातात गिऱ्हाइकाच्या काचा पुसायचं फडकं होतं, तेच वापरलं.

लगेच एक पुठ्ठा रंगवला आणि दारात टांगला: ‘तीस वर्षांत कोणाला न दिसलेला पक्षी पाहणाऱ्या मुलीच्या आईचं दुकान.’ जरा लांबलचक झालाय, पण लोक थांबून वाचतात. वाचता येत नाही तेही आत येतात. तसाही फायदाच.

साहेबांचं तोंड कसं झालं ते सविस्तर कळव.

ताई

१७ मे

ताई,

हे पत्र बसून वाच, दुकानात नको.

आज ढब्बूने माझ्या दुर्बिणीवरची चिकटपट्टी काढली. मी ओरडायला तोंड उघडलं, तोवर त्याने चाक भलतीकडे फिरवून ती बिटकीच्या डोळ्यांना लावली होती. आणि बिटकी किंचाळली. मला वाटलं साप. ती म्हणाली, ‘मामा, झाडाला सुटी सुटी पानं आहेत!’

मी म्हटलं, ‘असणारच की.’

ती म्हणाली, ‘लांबून पण?’

मग तिच्या लक्षात आलं आपण काय बोललो, आणि तिने दुर्बीण ढब्बूच्या हातात कोंबली. मी तिला अंगणाच्या कडेला उभं केलं, स्वतः ओट्यावर गेलो आणि विचारलं माझ्या सदऱ्याला बटणं किती. ती म्हणाली, पाच. सदऱ्याला तीन होती, दोन मागच्या महिन्यातच तुटली. तिला सदराच दिसत नसावा, ताई. मी दिसत असेन तो लांबीवरून.

विचारलं तर रडायला लागली, म्हणाली, ‘आईला सांगू नको.’ मी तिला म्हटलं, सांगावं तर लागेल. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही, ढब्बूमार्फत निरोप पाठवते.

मला एकच कळत नाही. तू दर सहा महिन्यांनी तपासतेस. बारीक ओळ वाचते म्हणतेस. मग हे कसं?

मंगळवारी दोघं निघतायत.

लंबू

१९ मे

लंबू,

माझ्या मुलीच्या डोळ्यांत काहीही नाही. तुझी ती दुर्बीण आपल्या बाबांच्या वेळची आहे, तिच्यातून हत्तीही धूसर दिसेल. बावीस वर्षं मी डोळे तपासते आहे, तू कावळे. थकली असेल पोर, चिडवलं असशील.

ती आली की मी स्वतः बघीन आणि मग तुला लिहीन.

ताई

२७ मे

लंबू,

आधी एक करते, माफी मागते. आता ऐक.

दुकानाच्या भिंतीवर दहा वर्षं एकच तक्ता होता. तुला खोटं पाडायचं म्हणून मी त्या दिवशी कपाटातला नवा काढला आणि जुन्याच्या जागी टांगला. आकार तोच, चौकट तीच, अक्षरं वेगळी. मुलं आली. पिशव्या अजून दारातच होत्या. एक आजोबा नातवाला घेऊन बसले होते आणि तो नातू भोकाड पसरून रडत होता. मी नेहमीसारखं म्हटलं, ‘बिटके, जरा वाचून दाखव गं याला.’

ती रेघेवर उभी राहिली, हात मागे बांधले आणि जुन्या तक्त्यातली शेवटची ओळ म्हटली. पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकही चूक नाही. त्यातलं एकही अक्षर समोर नव्हतं.

आजोबा तक्त्याकडे बघत होते. मी तिच्याकडे. आणि तुला सांगते मी काय केलं? मी ‘शाबास’ म्हटलं. सवयीने.

मग आजोबांना उद्या या म्हटलं, भर दुपारी शटर ओढलं आणि पोरांसाठी ठेवलेल्या बुटक्या स्टुलावर बसले. तिला विचारलं, कधीपासून? म्हणाली, दुसरीपासून. विचारलं, का गं? तर म्हणाली, ‘तू सगळ्यांना सांगतेस ना, माझे डोळे किती छान आहेत. मग मला चष्मा लागला तर तू खोटी पडली असतीस.’

दुपारी शटर ओढून माय-लेकी किती रडलो ते लिहीत नाही. ढब्बू आतल्या काउंटरवर चढून सगळ्या फ्रेमा लावून बघत होता, त्यामुळे रडायला सवड मिळाली.

नंबर किती निघाला ते विचारू नको. हिरवी फ्रेम निवडली तिने. संध्याकाळी घरी जाताना रस्त्यावरची एकेक पाटी वाचत होती, मोठ्याने. ‘येथे थांबू नये’ या पाटीसमोर सगळ्यात जास्त वेळ थांबली. दारातला पुठ्ठा मी काढून टाकला आहे.

आणि लंबू, आता तुझ्या वहीचं काय? तिने ‘दिसली’ म्हणून सही केली आहे. मी तिला त्यावरून काही विचारलं नाही. माझी ‘दिसतंय ना?’ विचारायची लायकी काही दिवस तरी नाही. ती म्हणते, मामाला मीच लिहीन.

ताई

२ जून

प्रिय मामा,

मला चोर दिसला नव्हता. मला फक्त हिरवं दिसलं होतं, आणि मध्ये थोडं तपकिरी, पण ते तर सगळीकडेच असतं.

तू विचारलंस तेव्हा तुझा चेहरा माझ्या अगदी जवळ होता, त्यामुळे तो मला नीट दिसला. तुला खूप हवं होतं. म्हणून मी हो म्हटलं. नंतर तू मला उचललंस आणि मग मला नाही म्हणताच येईना. सही मी फार हळू केली. तुला वाटलं अक्षर चांगलं यावं म्हणून.

माझं नाव खोडून टाक. मग तुझी नोंद परत पेन्सिलची होईल हे मला माहीत आहे. तू रागावला असशील तर रागावलो असंच लिही, रागावलो नाही असं खोटं लिहू नको.

आता मला सगळं दिसतं. समोरच्या गच्चीवर एक चादर नेहमी वाळत असते असं मला वाटायचं. ती चादर नाही, एक आजी आहेत. त्या मला हात हलवतात. कधीपासून हलवत असतील, कोण जाणे. आता मीही रोज हलवते.

तुझी,
बिटकी

१३ जून

प्रिय बिटकी,

रागावलो. तुझ्यावर अर्धा तास, तुझ्या आईवर एक दिवस, साहेबांवर नेहमीप्रमाणे. मग बाकड्यावर जाऊन बसलो आणि ती सकाळ पुन्हा नीट आठवायला घेतली, अगदी सुरुवातीपासून. आणि ज्याच्यावर रागवायला हवं तो माणूस बाकड्यावरच बसलेला सापडला.

शीळ आपण दोघांनी ऐकली, त्यात खोटं नाही. मी दुर्बीण लावली. फांदी हलली, मागे काहीतरी तपकिरी होतं. झालं, एवढंच. काळी पट्टी मी पाहिली नव्हती, बिटके. ती तुला दिसावी म्हणून मी तुला विचारलं, पट्टी दिसली ना? आणि तू हो म्हणालीस, तेव्हा मला ती दिसली. मागाहून दिसली, अगदी लख्ख. मला हवं म्हणून तू पाहिलास आणि तू पाहिलास म्हणून मी. आपण दोघांनी एकमेकांच्या भरवशावर एक पक्षी पाहिला.

म्हणून तुझं एकटीचं नाव मी खोडलं नाही. शुक्रवारी वही काखोटीला मारून खाली ऑफिसात गेलो. साहेब यादी छापायला पाठवायच्या बेतात होते. उठून उभे राहिले, हात मिळवला, चहा मागवला आणि मला आडनावाने हाक मारली. सहा वर्षांत पहिल्यांदा. तेव्हा एकदा वाटलं, परत जावं. कोणाला कळणार आहे? साहेबही तेच म्हणाले. ‘दोन सह्या आहेत, शाई आहे, कोण विचारायला येतंय? राहू द्या की.’

मी म्हटलं, ‘साहेब, ती दहा वर्षांची आहे आणि तिने सांगून टाकलं. मी पंचेचाळीसचा आहे, माझी पंचाईत करू नका.’ आणि पूर्ण ओळीवर रेघ मारली. शाईनेच. समोर लिहिलं, ‘पाहिला नाही’, आणि सही केली.

आता मला पेन्सिल म्हणत नाहीत. खोडरबर म्हणतात. बढती झाली म्हणायची.

सहा वर्षांपूर्वीची ओळ आहे तिथेच आहे, पेन्सिलीत. तो मी पाहिला होता. हातभर अंतरावर होता आणि मला विचारायला शेजारी कोणी नव्हतं.

पुढच्या सुट्टीत ये. चष्म्याला मागून दोरी बांधून ये, उतारावर पडतो. मी तुला ‘दिसला ना’ असं विचारणार नाही. विचारलं तर ढब्बूला मला टाकीमागे नेऊन पंधरा मिनिटं ओरडायला सांग.

तुझा,
मामा

१८ जून

प्रिय मामा,

तुझं पत्र मी आईला वाचून दाखवलं. ती मध्येच उठून आत गेली आणि चहा करून आली. चहात साखर नव्हती, पण आम्ही कोणी काही बोललो नाही. मग मी म्हटलं, ‘आई, साखर नाहीये.’ आई हसायला लागली, थांबेचना.

ढब्बू म्हणतो, तू खोडलास तर त्याची कोंबडी पण खोडणार का? मी त्याला नाही म्हणून सांगितलंय. ती सगळ्यांनी पाहिली आहे.

शाळा सुरू झाली. मी शेवटच्या बाकावर बसते, मुद्दाम. बाई फळ्यावर किती बारीक लिहितात! काल त्यांनी एक शब्द चुकीचा लिहिला, मी हात वर करून सांगितलं. त्यांनी तो पुसून नीट लिहिला.

मामा, तू लिहिलंयस ते मी खूपदा वाचलं. मोठ्या माणसांना पण न दिसलेलं दिसतं, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. मला वाटायचं, असं फक्त मीच करते.

पत्र आता पेटीत टाकायला जाते. पेटी कोपऱ्यावर आहे, मला इथून दिसतेय.

तुझी,
बिटकी